स्वतःची वेबसाइट स्वतःच करतेय, लॅपटॉपवर ठीक पण मोबाइलवर पार विचका!

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. मी चित्रकला शिकवते, स्वतःपण जलरंगात काम करते. बरेच दिवस मनात होतं की आपली एक छोटीशी वेबसाइट असावी, चित्रं टाकता येतील, क्लासची माहिती एका जागी राहील, दर वेळी नव्या माणसाला तेच तेच टाइप करून पाठवायला नको. कोणाकडून करून घेण्यापेक्षा म्हटलं आपणच शिकू, म्हणून व्हिडिओ बघून बघून एचटीएमएल (पानावर काय असेल ते) आणि सीएसएस (ते कसं दिसेल ते) थोडं शिकले आणि चार पानं तयार केली. मुख्य पान, चित्रं, क्लास, संपर्क. फुकटातलं होस्टिंग (साइट ठेवायची जागा) घेऊन अपलोडपण केली.

आता गंमत बघा. लॅपटॉपवर उघडली की झकास दिसते (मला तरी). मोबाइलवर उघडली तर सगळं पान एवढुस्सं होऊन बसतं, अक्षरं मुंगीएवढी, दोन बोटांनी ताणून मोठं करायचं आणि मग इकडून तिकडे सरकवत वाचायचं. दुसरं म्हणजे चित्रांच्या पानावरची निम्मी चित्रं दिसतच नाहीत, नुसती फाटक्या फोटोची खूण येते, पण लॅपटॉपवरच्या फोल्डरमधून तेच पान उघडलं की सगळी दिसतात!! तीच फाइल, तेच फोटो. आणि जी दिसतात ती वरून खाली इंच इंच उघडत जातात.

शिवाय एकूणच दिसायला काहीतरी खटकतंय. कागदावर असतं तर काय चुकलंय ते लगेच सांगितलं असतं, इथे कळत नाहीये. मुख्य पानावर आपोआप सरकणारा स्लायडर लावलाय पाच चित्रांचा, मागे फिकट टेक्स्चर, मजकूर हलक्या राखाडी रंगात, फॉन्ट तीन प्रकारचे. मैत्रिणीने बघून विचारलं "क्लास कधी असतो ते कुठे लिहिलंयस?" लिहिलंय हो, स्लायडरच्या खाली तिसऱ्या परिच्छेदात!

कोडिंगवाल्या नसलेल्या माणसाला समजेल असं सांगा प्लीज. स्क्रोल करताना चित्रं हळूच फेड होत यावीत असंपण करायचंय.

रात्रपाळी

आधी न दिसणाऱ्या चित्रांचं सांगतो कारण ते पाच मिनिटांचं काम आहे. ज्या फोटोंची नावं कॅमेऱ्यातून आली तशीच आहेत त्यांच्या शेवटचं जेपीजी कॅपिटल अक्षरांत असणार, आणि तुम्ही कोडमध्ये स्मॉलमध्ये लिहिलं असणार. विंडोजला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही म्हणून लॅपटॉपवर सगळं दिसतं. होस्टिंगचा सर्व्हर बहुतेक लिनक्सचा असतो आणि लिनक्सच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फाइली आहेत, एक आहे आणि एक नाहीच. त्यामुळे आजपासून नियम करून टाका, सगळ्या फाइलींची नावं इंग्रजी स्मॉल अक्षरांत, मध्ये स्पेस नाही, स्पेसच्या जागी छोटी आडवी रेघ. देवनागरीत नावं देऊ नका, चालतात तशी, पण पुढे लिंक कॉपी केली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. हे करूनही एखादा फोटो दिसला नाही तर कोडमध्ये त्याचा पत्ता बघा, त्यात चुकून सी ड्राइव्हपासूनचा अख्खा रस्ता आलाय का. तसं असेल तर तो फोटो फक्त तुमच्याच मशीनवर दिसणार, जगात दुसरीकडे कुठेच नाही.

आता मोबाइल. माझी खात्री आहे की तुमच्या पानाच्या हेड भागात (कोडचा वरचा, पानावर न दिसणारा भाग) व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान किती रुंद धरायचं हे ब्राउझरला सांगणारी ओळ, नाहीये. एकच ओळ असते, त्यात विड्थला डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केलला १ अशी किंमत द्यायची. ती नसली तर मोबाइलचा ब्राउझर समजतो की हे जुन्या काळातलं डेस्कटॉपसाठी केलेलं पान आहे, मग तो ते साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि नंतर दाबून स्क्रीनवर बसवतो. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा सगळं वेब डेस्कटॉपसाठीच केलेलं होतं, तेव्हाची ही सोय आहे, अजून तशीच चालू आहे. रिस्पॉन्सिव्ह डिझाइन (स्क्रीनप्रमाणे आपोआप बदलणारी मांडणी) हा शब्दच इथन मार्कोट या वेब डिझायनरने २०१० मध्ये रूढ केला. तुम्ही बघितलेला व्हिडिओ जुना असेल तर त्यात यातलं काही नसेलच.

ती ओळ टाकली की अक्षरं लगेच वाचण्याएवढी होतील, पण मग दुसरी गोष्ट उघडी पडेल. सीएसएसमध्ये कुठेतरी विड्थ १२०० पिक्सेल असं पक्कं लिहिलेलं असेल ना, ते काढून मॅक्स-विड्थ करा. विड्थ म्हणजे "एवढाच राहीन", मॅक्स-विड्थ म्हणजे "जास्तीत जास्त एवढा, जागा कमी असेल तर कमी". आणि सगळ्या इमेजना मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. नवशिक्याच्या साइटचं निम्मं मोबाइल दुखणं एवढ्यावर जातं. खरं तर साधं एचटीएमएल, ज्याला एकही सीएसएस लावलेलं नाही, त्यातला मजकूर खिडकीच्या रुंदीत आपोआप बसतो. ते मोडतं आपण पक्की मापं देतो म्हणून.

फोटो हळू उघडण्याचं वेगळं लिहितो, जरा कामात आहे.

ठिपका

एवढा खटाटोप कशाला पण? कुठलाही साइट बिल्डर घ्या, ड्रॅग अँड ड्रॉप करा, संध्याकाळपर्यंत साइट तयार. मोबाइलचं ते लोक बघतात. नाहीतर वर्डप्रेस, साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर. चाकाचा शोध परत लावू नये असं माझं मत.

चौकटराजा

रात्रपाळींच्या प्रतिसादाला +१. मी तांत्रिक सोडून दिसण्याबद्दल लिहितो.

ताई, तुमच्या मैत्रिणीने जो प्रश्न विचारला ना त्यातच सगळं आलं. लोक तुमच्या साइटवर दोन कारणांनी येणार, एक तुमची चित्रं बघायला आणि दोन, क्लास कुणासाठी, कधी, कुठे आणि नाव कसं नोंदवायचं ते बघायला. मुख्य पानावर मोबाइलच्या पहिल्या स्क्रीनमध्ये या दोन्ही गोष्टी बोट न सरकवता दिसल्या पाहिजेत. एक चित्र, एकच, तुमचं सगळ्यात आवडतं. त्याखाली एका वाक्यात तुम्ही कोण आणि काय शिकवता. त्याखाली क्लासचे वार आणि वेळ, आणि एक बटण. "माझ्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे" हे वाक्य असेल (असतंच!) तर काढून टाका, त्याने कुणाला काहीच कळत नाही.

स्लायडर काढा. मला माहितेय की तो करायला मेहनत लागलीय. पण बघणारा माणूस पहिलं चित्र बघतो आणि खाली जातो, चौथ्या-पाचव्यापर्यंत कोणी थांबत नाही. वाचायला लागावं तोवर सरकतो, बोटाने मागे आणायला जावं तर दुसरीच लिंक दाबली जाते, आणि ती पाचही चित्रं डाउनलोड मात्र होतात. तुम्ही प्रदर्शनात चित्र लावताना एका खिळ्यावर पाच चित्रं टांगून ती फिरवत ठेवाल का?

"खटकतंय पण कळत नाहीये" याला तुमचीच युक्ती वापरा. चित्रापासून लांब उभं राहून डोळे किलकिले करून बघता ना, रंग विसरून फक्त गडद-फिकट कुठे आहे ते कळायला? साइट उघडून तेच करा. काय दिसतं? मला न बघताही सांगता येईल की स्लायडर हा एकच गडद ठोकळा दिसत असणार आणि बाकी सगळं राखाडी धुकं. म्हणजे नजरेला थांबायला दुसरी जागाच नाही. क्लासची वेळ त्या धुक्यात आहे.

हलका राखाडी मजकूर हा तर आजारच आहे, टेम्पलेटवाल्यांनी पसरवलेला. याला मोजमाप आहे. डब्ल्यूसीएजी म्हणून वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे नियम आहेत, त्यात साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा असं म्हटलंय, मोठ्या शीर्षकांना ३ ला १ चालतो. पांढऱ्यावर हॅश ९९९ (हा रंगाचा कोड) हा राखाडी वापरला तर तो ३ पर्यंतसुद्धा पोचत नाही. हॅश ७६७६७६ च्या आसपास कुठे तो जेमतेम पास होतो. तुम्ही सरळ जवळजवळ काळा घ्या, हॅश २२२ वगैरे, आणि टेक्स्चर काढून मागे पांढरा किंवा किंचित उबदार पांढरा ठेवा. चित्रं रंगीत आहेत, साइटने गप्प बसावं. एकच ठळक रंग घ्या, तुमच्या चित्रातलाच एखादा, आणि तो फक्त बटण आणि लिंकसाठी. लिंकखालची रेघ काढू नका, नुसत्या रंगावरून लिंक ओळखू येत नाही असे पुष्कळ लोक असतात.

फेडबद्दल. बहुतेक तयार कोडमध्ये चित्र आधी पूर्ण पारदर्शक करून ठेवतात आणि जावास्क्रिप्ट (पानावर हालचाल घडवणारा कोड) येऊन ते दाखवते. ती स्क्रिप्ट अडली की चित्रं कायमची गायब. चित्रकाराच्या साइटवर चित्रच न दिसण्याचा धोका कशासाठी घ्यायचा? मी तरी नाही घेणार.

शिरोरेखा

मजकूर मराठीत असेल तर काही गोष्टी इंग्रजी ट्युटोरियलमध्ये कधीच सापडत नाहीत त्या सांगते, कारण मराठी साइट बघताना माझा जीव यातच जळतो.

लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य ठेवा, कुठेही, मेन्यूत, बटणात, शीर्षकात. इंग्रजी टेम्पलेटमध्ये बटणांना १-२ पिक्सेल हमखास दिलेलं असतं, इंग्रजीत ते छान दिसतं. देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते. "संपर्क" या शब्दाचे तीन तुकडे होऊन मध्ये फटी दिसतात. एकदा दिसलं की परत न बघणं अशक्य.

लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची. इंग्रजीला १.४-१.५ पुरतं, आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असं दोन्हीकडे सामान असतं, त्यामुळे मजकुराला १.७ च्या आसपास द्या, आणि शीर्षकांनासुद्धा १.३ च्या खाली जाऊ नका. टेम्पलेटमध्ये शीर्षकाला १ किंवा १.१ असतं आणि मग दोन ओळींचं शीर्षक आलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. ही किंमत नुसता आकडा म्हणून लिहा, पिक्सेलमध्ये नको, म्हणजे अक्षर मोठं केलं की अंतरपण त्या प्रमाणात वाढतं.

फॉन्ट तीन नकोत. एक पुरतो. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी, किंवा जरा पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी, हे सगळे गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. बालू फक्त शीर्षकाला, परिच्छेदाला लावलात तर वाचणारा दमेल. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे चिन्हं खूप, म्हणून फाइल इंग्रजी फॉन्टपेक्षा जड असते, आणि वजनं वेगवेगळी घेतली तर साधारण प्रत्येकाची फाइल वेगळी. रेग्युलर आणि बोल्ड दोनच घ्या. पण बोल्ड वापरणार असाल तर ते घ्याच, नाही घेतलं तर ब्राउझर स्वतःच्या मनाने अक्षर जाडं करतो आणि क्ष, ज्ञ, ष्ट्र यांच्या आतल्या जागा भरून त्यांचे नुसते डाग होतात. इटॅलिकपण टाळा, ब्राउझर नुसतं तिरकं ढकलतो. फॉन्ट-डिस्प्लेला स्वॅप द्या म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मोबाइलमधल्या अक्षरात मजकूर दिसत राहील, कोरं पान नाही.

आकार १८ पिक्सेल ठेवा. ब्राउझरचा मूळ आकार १६ असतो पण देवनागरी त्याच मापात इंग्रजीपेक्षा बारीक वाटते. मजकूर जस्टिफाय (दोन्ही कडा सरळ) करू नका, मोबाइलच्या अरुंद ओळीत आपले लांब शब्द बसत नाहीत आणि मध्ये भोकं पडतात.

आणि एचटीएमएल टॅगमध्ये लँगची (भाषेची) किंमत इएन असेल (कॉपी केलेल्या सगळ्या नमुन्यांत तीच असते), ती एमआर करा. त्याचा फायदा असा की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. आंधळ्या व्यक्तींसाठी पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही कळतं की हे मराठी आवाजात वाचायचंय. कॅरसेट यूटीएफ-८ ची, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत ते सांगणारी ओळ हेडमध्ये सगळ्यात वर आहे ना ते एकदा बघून घ्या, नसली तर एखाद्या ब्राउझरवर मराठीच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतील. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं काही असेल तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, तसंच चिकटवू नका.

रात्रपाळी

ठिपका, मुद्दा अगदीच चुकीचा नाहीये. कोणाला दर आठवड्याला नवीन काही लिहायचं असेल, कॉमेंट हव्या असतील, तर वर्डप्रेसच घ्यावं, २००३ पासून चाललंय, मदत भरपूर मिळते. पण त्याचं अपडेट करत राहावं लागतं, प्लगइन (वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) जुनी पडली की तिथूनच साइट हॅक होते. यांची चार पानं आहेत आणि ती महिन्यातून एकदा बदलणार. साध्या एचटीएमएलच्या चार फाइलींना हॅक करण्यासारखं फारसं काही नसतं आणि अपडेटपण नसतं, त्या आहे तशा वर्षानुवर्षं चालतात. बिल्डरचं असं की उद्या त्यांच्याकडून निघायचं म्हटलं तर मजकूर एकेक करून उचलून आणावा लागतो. शिवाय यांनी अर्धं शिकून घेतलंय आधीच!

काही घ्या, पण डोमेन (साइटचा नाव-पत्ता) मात्र वेगळं, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या आणि ऑटो रिन्यू चालू ठेवा. डोमेन आपल्या हातात असेल तर होस्टिंग कधीही बदलता येतं आणि पत्ता तोच राहतो. ओळखीच्या कोणीतरी त्याच्या अकाउंटवरून घेऊन दिलं आणि पुढे तो माणूस फोन उचलत नाही, असे किस्से ढिगाने बघितलेत.

आता फोटो. मोबाइलमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल, फाइल तीन-चार एमबी सहज. बघणाऱ्याच्या मोबाइलची रुंदी सीएसएसच्या हिशोबात ४०० च्या आसपास, स्क्रीन तिप्पट घनतेची धरली तरी १२०० पिक्सेल पुरले. बाकीचे सगळे पिक्सेल त्याच्या डेटावर डाउनलोड होऊन फुकट जातात. लांबीच्या बाजूने १६०० पिक्सेलला आणा, वेबपी फॉरमॅट, क्वालिटी ७५-८०, फाइल साधारणपणे काहीशे केबीवर येते आणि डोळ्याला फरक कळत नाही. स्क्वूश नावाचं गूगलचं टूल आहे, ब्राउझरमध्येच चालतं, मधली रेघ सरकवून आधीचं-नंतरचं शेजारी शेजारी बघता येतं. तुमची जलरंगाची चित्रं आहेत, तर फिकट वॉश जिथे हळूहळू विरतो तिथे बघा, क्वालिटी जास्त उतरवली तर पहिले पट्टे तिथेच दिसायला लागतात. तसं झालं तर त्या चित्राला क्वालिटी थोडी वाढवा, सगळ्यांना एकच आकडा लावायची गरज नाही.

चित्रकारांसाठी अजून एक. नवे फोन फोटो जरा जास्त रंगांच्या प्रोफाइलमध्ये काढतात. फाइल लहान करताना ते प्रोफाइल नुसतं उडालं तर रंग मरगळलेले दिसतात आणि तुम्ही म्हणाल वेबसाइटने रंग खाल्ले. लहान करायच्या आधी एसआरजीबीमध्ये (वेबवरचं नेहमीचं रंगांचं प्रोफाइल) कन्व्हर्ट करून घ्या. आणि फोटोच्या आत कुठे काढला त्या जागेचं लोकेशन असू शकतं, घरी काढला असेल तर घराचं. तेवढं काढून टाका.

इमेज टॅगमध्ये विड्थ आणि हाइट लिहा, जरी सीएसएसने आकार बदलणार असला तरी. त्यावरून ब्राउझर आधीच जागा राखून ठेवतो. नाहीतर मजकूर वाचत असताना वरचा फोटो लोड होतो आणि वाचत होतो ती ओळ खाली पळते, किंवा बटण दाबायला जावं आणि दुसरंच दाबलं जावं. लोडिंगला लेझी द्या म्हणजे खालची चित्रं तिथपर्यंत पोचल्यावरच येतील, फक्त पानावरच्या पहिल्या मोठ्या चित्राला लेझी देऊ नका, ते उलट उशिरा येतं. गूगलच्या मापाने पानातला सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं, तुमच्या बाबतीत तो भाग म्हणजे तेच पहिलं चित्र.

कोरीपाटी

अरे बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार!! रात्री बसून बरंच केलं. निम्मी चित्रं खरंच कॅपिटल जेपीजीमुळेच दिसत नव्हती, हसावं का रडावं कळेना. व्ह्यूपोर्टची ओळ टाकली आणि अक्षरं एकदम नीट. स्लायडर काढला (जड मनाने), एकच चित्र ठेवलं, वार-वेळ वर आणली. किलकिले डोळे करून बघितलं, चौकटराजा म्हणतात तसंच धुकं होतं, आता काळा मजकूर केलाय. आणि शिरोरेखा, बटणावर "नाव नोंदवा" चे तुकडे पडलेले मला कालपर्यंत दिसलेच नव्हते हो!

आता उरलेल्या अडचणी. एक, मोबाइलवर पान अजूनही किंचित आडवं हलतं, उजवीकडे पांढरी पट्टी दिसते, कुठून येते कळत नाही. दोन, सीएसएस बदलून अपलोड केलं तरी मोबाइलवर जुनंच दिसतं, लॅपटॉपवर नवीन. तीन, चित्रांचं पान मोबाइलवर एका खाली एक आणि लॅपटॉपवर तीन-तीन ओळीत असं कसं करायचं, दोन वेगळी पानं करायची का? चार, संपर्काचा फॉर्म केलाय, सबमिट दाबलं की काहीच होत नाही.

रात्रपाळी

पट्टी शोधायची युक्ती. सीएसएसमध्ये तात्पुरतं, सगळ्या एलिमेंटना म्हणजे स्टार लिहून, आउटलाइन १ पिक्सेल लाल असं द्या. बॉर्डर नको, आउटलाइन, कारण बॉर्डर स्वतःच जागा खाते आणि मांडणी हलते. मग लॅपटॉपवर क्रोममध्ये एफ१२ दाबा, कंट्रोल-शिफ्ट-एम दाबलं की मोबाइलच्या रुंदीत पान दिसतं, उजवीकडे सरकवा आणि बघा कुठली लाल चौकट बाहेर गेलीय. संशयित तीन. कुठेतरी विड्थ १०० टक्के आणि शिवाय पॅडिंग (चौकटीच्या आतली मोकळी जागा) दिलंय, त्यावर उपाय बॉक्स-साइझिंगला बॉर्डर-बॉक्स, म्हणजे पॅडिंग रुंदीतच धरलं जातं, ते सगळ्यांनाच लावून टाका. कुठेतरी १००व्हीडब्ल्यू (खिडकीची पूर्ण रुंदी) लिहिलंय, ते १०० टक्के करा. किंवा संपर्क पानावरचा लांबलचक ईमेल पत्ता, त्यात स्पेस नसल्याने तो ओळीत मोडत नाही, त्याला ओव्हरफ्लो-रॅपला एनीव्हेअर द्या. माझी पैज ईमेलवर.

जुनं दिसणं म्हणजे कॅश, ब्राउझरने साठवून ठेवलेली जुनी प्रत. लॅपटॉपवर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबलं की सगळं नव्याने येतं. पण बघणाऱ्या लोकांना ते दाबायला कोण सांगणार, म्हणून एचटीएमएलमध्ये सीएसएस फाइलच्या नावापुढे प्रश्नचिन्ह देऊन व्ही=२ लिहा, पुढच्या बदलाला ३. फाइलचं नाव तेच राहतं, ब्राउझरला मात्र पत्ता नवा वाटतो आणि तो फाइल परत आणतो.

दोन पानं अजिबात करू नका, एकात बदल केला की दुसऱ्यात राहतोच. सीएसएस ग्रिड वापरा, सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये २०१७ पासून आहे. कॉलमच्या जागी रिपीट, त्यात ऑटो-फिल आणि मिनमॅक्स, कमीत कमी २६० पिक्सेल, जास्तीत जास्त १एफआर (मोकळ्या जागेचा एक सारखा वाटा). याचा अर्थ प्रत्येक चित्राला निदान २६० रुंदी मिळाली पाहिजे, मावतील तेवढी एका ओळीत बसव. मोबाइलवर एक मावतं, टॅबलेटवर दोन-तीन, लॅपटॉपवर कॉलम तुम्ही दिलेल्या मॅक्स-विड्थप्रमाणे. मीडिया क्वेरीची (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम लिहिण्याची) गरजच नाही. आणि चित्रं एकसारखी दिसावीत म्हणून कापू नका, उभ्या चित्राचं डोकं उडतं.

चौकटराजा

फॉर्मचं असं आहे की एचटीएमएल फॉर्म दाखवू शकतं, पण भरलेली माहिती घेऊन तुमच्या ईमेलवर टाकायला सर्व्हरवर काहीतरी चालू असावं लागतं. फुकटातल्या साध्या होस्टिंगवर ते बहुतेक नसतं. बाहेरची फॉर्म सेवा जोडता येते, फॉर्मच्या अ‍ॅक्शनमध्ये त्यांनी दिलेला पत्ता टाकायचा असतो. पण माझं विचाराल तर क्लासच्या चौकशीला फॉर्म हवाच कशाला? ईमेलची लिंक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर थेट चॅट उघडणारी लिंक, दोन बटणं, झालं. लोक तसंही फॉर्म भरायचा कंटाळा करतात, आणि फॉर्म म्हटला की स्पॅम आलं.

ठेवायचाच असेल तर नाव, संपर्क, निरोप एवढेच खाने (भरायच्या चौकटी). खान्याच्या आत फिकट अक्षरात "नाव" लिहून काम भागवू नका, टाइप करायला लागलं की ते गायब होतं, बाहेर लेबल हवं. फोनच्या खान्याला टाइप टेल द्या म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड येतो. आणि खान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असलं की आयफोनवर तिथे बोट लावल्याबरोबर अख्खं पान झूम होतं, लोकांना वाटतं साइट बिघडलीय.

चित्रांना ऑल्ट मजकूर (चित्राचं शब्दांतलं वर्णन) लिहिलाय का? "चित्र १", "चित्र २" असं नको. "पावसानंतरची ओली वाट, निळ्या-करड्या छटा, जलरंग" असं, ज्याला चित्र दिसत नाही अशा माणसाला फोनवर सांगाल तसं. शोभेच्या नक्षीला ऑल्ट रिकामा ठेवायचा, पण लिहायचा, गाळायचा नाही. गाळला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचून दाखवतात.

ठिपका

बरं बाबा, मागे घेतो शब्द :) यांचं तर बिल्डरपेक्षा बरं झालंय. एक विचारू का, गूगलवर वर यायला ते कीवर्डचे मेटा टॅग भरायचे असतात ना? माझ्या साइटवर मी पन्नासेक भरून ठेवलेत.

रात्रपाळी

काढून टाक. रँकिंगसाठी आम्ही ते बघत नाही असं गूगलने २००९ मध्येच सांगितलंय. त्यापेक्षा प्रत्येक पानाचं टायटल वेगळं आणि नेमकं लिही, चारही पानांना "होम" नको. मेटा डिस्क्रिप्शन एक-दोन वाक्यांचं, निकालात टायटलखाली बऱ्याचदा तेच दिसतं. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइट जोडून ठेव, गूगलला पान सापडलंय की नाही ते तिथे कळतं.

कोरीपाटी

रात्रपाळी, पैज जिंकलात, ईमेलच होता. ग्रिडपण जमलं, एका ओळीत एवढं होतं हे व्हिडिओवाल्याने का नाही सांगितलं कोण जाणे. फॉर्म काढून दोन बटणं केली.

शेवटचा प्रश्न. मैत्रिणींना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली तर नुसता पत्ता दिसतो, बाकीच्यांच्या लिंकला कसं छान चित्र आणि नाव येतं?

शिरोरेखा

त्याला ओपन ग्राफचे टॅग लागतात, हेडमध्येच. ओजी टायटल, ओजी डिस्क्रिप्शन आणि ओजी इमेज. इमेज १२०० बाय ६३० पिक्सेलची आडवी वेगळी करा, तुमचं उभं चित्र तसंच दिलं तर ते मध्येच कापलं जाईल. त्या इमेजचा पत्ता पूर्ण लिहायचा, एचटीटीपीएसपासून, बाकी ठिकाणी लिहितो तसा अर्धा चालत नाही, निम्म्या लोकांचं तिथेच अडतं. फाइल हलकी ठेवा, जड असली तर प्रिव्ह्यू येत नाही. आणि टॅग टाकूनही जुनंच दिसलं तर घाबरू नका, ही अ‍ॅप्स एकदा घेतलेला प्रिव्ह्यू काही काळ लक्षात ठेवतात, तपासायला लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी आकडा लावून स्वतःलाच पाठवून बघा.